आप्पांना आडवं पडायचं होतं

नर्सिंगच्या मुलींना मी शरीररचना शिकवते. पहिल्या तासाला दरवर्षी तेच पुराण: शरीर सरळ उभं, तोंड समोर, तळहात पुढे. उजवं-डावं म्हणायचं ते समोरच्या माणसाचं, आपलं नव्हे. डोक्याकडचं ते वरचं, पाठीकडचं ते मागचं, मग माणूस उभा असो की पालथा. इतकं घोकून घेतलं तरी परीक्षेत निम्म्या मुली यकृत डावीकडे नेऊन ठेवतात आणि माझं डोकं फिरतं.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कधी चुकलं नाही. पाथरीला त्यांचं कापडाचं दुकान. मी सुट्टीला गेले की गिऱ्हाईक नसताना ते माझं पुस्तक उघडून बसायचे. जठर, स्वादुपिंड, प्लीहा, एकेकावर बोट ठेवून विचारायचे. डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकायला देह लागतो आणि तो द्यायला फारसं कुणी तयार नसतं, हे मीच बोलून गेले. महिन्याभरात त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून सही माझी.

"आपल्या लिंगायतात मानूस मेल्यावरबी बसवूनच पुरत्यात," ते म्हणाले. "जलमभर दुकानात गादीवर बसलो. आता तरी आडवं पडू द्या."

मी पोट धरून हसले. मग म्हटलं, "पण काकांना सांगा."

"तूच सांग, बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं."

काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा न घेणारे. वर्गात वाघीण असलेली मी त्यांच्यापुढे शेळी. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला. परभणीहून जीपने पोचले तोवर आप्पांना अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. हनुवटी फडक्याने बांधलेली. जबड्यातून सुरू झालेला ताठरपणा खाली उतरत होता. बसल्या जागी ते आखडत चालले होते.

पण तो ताठरपणा दिवसा-दोन दिवसांत सुटतो, देह पुन्हा आडवा करता येतो, हेही मला ठाऊक होतं. उशीर झाला, ही सबब माझ्यासारखीने सांगू नये. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. एक फोन केला असता तर मेडिकल कॉलेजची गाडी आली असती. अंगणात विधी करणारे जंगम येऊन बसले होते, शेतात खड्डा खणून झाला होता, बायकांचं भजन चाललं होतं. माझी जीभच उचलेना. मला माझीच किळस आली.

तेवढ्यात काका माझ्याजवळ आले. डोळे सुजलेले. हळूच म्हणाले, "पोरी, तुझ्यापाशी लय बोलायचे ते. काही इच्छा राहिली आसंल तर सांग. कसलीबी आसू दे, करू आपुन."

कसलीबी, म्हणाले. दोन वर्षं मी ज्या माणसाला भ्याले, तो माझ्यापुढे हात जोडून विचारत होता.

"न्हाई, काका," मी म्हणाले. "काहीच न्हाई."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग समाधानानं गेले बघ." मला रडू फुटलं. बाप गेला म्हणून रडतेय, असं समजून बायकांनी मला जवळ घेतलं.