फुकटात दिलेली भरती

मी मुरूडच्या शाळेत गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझा एक वर्गमित्र कुवेतची नोकरी सोडून घरी परतला आणि आम्ही दोघांनी मिळून भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप लिहिलं. गणित माझं, कोड त्याचा. इतर ॲपांत मुंबईच्या वेळा असायच्या. आमच्यात मुरूड, काशीद, मांडवा होतं आणि मोठ्या भरतीला उधाण, लहानीला भांग हे कोळ्यांच्या तोंडचे शब्द होते. सगळा कोड आम्ही इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही घ्या, बदला, विका. फक्त आमचा उल्लेख करा. हळूहळू आणखी चार-पाच जण फावल्या वेळात मदतीला आले. त्यांच्यापैकी एकालाही आम्ही कधी पाहिलं नाही.

वेळा ताडून बघायला आम्ही शेजारच्या कोळी काकांकडे जायचो. ते मोबाइलकडे ढुंकूनही न बघता तिथीवरून वेळ सांगायचे.

"मास्तर, तुमचा यंत्र बरा हाय," ते म्हणायचे, "पन दर्याला इचारलाव का?"

बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. म्हणून आमचं गणित जिथे डळमळायचं, तिथे मित्राने गमतीत एक ओळ टाकून दिली: 'खात्री नाही. काकांना विचारा.'

मग मुंबईच्या एका कंपनीने आमचा कोड उचलला, त्यावर रंगीत चित्रं आणि लॉजचं बुकिंग चढवलं. अटीप्रमाणे आमचा उल्लेखही केला, अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात. काकांची ओळ मात्र तिथे कुणी वाचलीच नव्हती, ती तशीच त्यांच्या ॲपमध्ये गेली. काशीदला आलेल्या एका पर्यटकाने मुंगीच्या अक्षरातला आमचा पत्ता शोधून ईमेल पाठवला: 'काकांचा नंबर मिळेल का?'

दोनच दिवसांत कंपनीतून फोन आला. "सर, ती काकांची ओळ काढाल का? अर्जंट आहे."

"ॲप तुमचं आहे. तुम्हीच काढा."

"पण सर, आम्ही अपडेट तुमच्याकडूनच घेतो ना!"

रविवारी बसून मी ती ओळ काढली. राग यायला हवा होता. पण एवढी मोठी कंपनी आपल्यावाचून अडली, या विचाराने मी दिवसभर खुशीत होतो. त्याची आजही लाज वाटते.

पुढे दुसरी कंपनी मैदानात उतरली. दोघींना आमचंच काम येणारी माणसं हवी होती, आणि त्यांची नावं-पत्ते आम्हीच कोडसोबत उघड्यावर लिहून ठेवले होते. मदतनीस एकेक करून गेले. शेवटी मित्राने मला घरी बोलावलं.

"नोकरी मिळाली," तो म्हणाला. "काम हेच, भरती-ओहोटी."

"आणि आपलं ॲप?"

"करारात लिहिलंय, बाहेर असलं काही करायचं नाय." मग तो म्हणाला, "अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय रे."

मी त्याचं अभिनंदन केलं, ते मनापासून होतं. घरी मात्र मी लांबच्या वाटेने आलो.

वर्षभर मी एकटाच ॲप रेटत राहिलो. तुमचं ॲप मागासलेलं आहे, असं लोक मला कळवत होते. मग एका कंपनीने दुसरीला विकत घेतलं आणि दोन्ही ॲपं बंद करून टाकली. समुद्रात म्हणे वाढीला वाव नव्हता. मित्राला जेवणाच्या पार्सलांच्या विभागात बसवलं. लोक आमच्याकडे परतले आणि इतके दिवस झोपला होतात का, असं मलाच विचारू लागले.

एका शनिवारी सकाळी मित्र लॅपटॉप घेऊन दारात उभा. अंगात कंपनीचा टी-शर्ट, त्यावर छापलेलं: 'आम्ही स्वयंसेवक'.

"महिन्यातून चार तास स्वयंसेवा करायचा हुकूम आलाय," तो म्हणाला.

"हुकूम?"

"हजेरी लागते."

आम्ही पडवीत बसलो. मांडव्याच्या वेळा वर्षभर अकरा मिनिटांनी चुकत होत्या आणि मला कारण सापडत नव्हतं. त्याने तासाभरात शोधलं. चूक माझ्या गणितातच होती. त्याने ती नुसती दुरुस्त करून टाकली, याचं मला बरं वाटलं.

जाताना त्याने कंपनीचा फॉर्म पुढे केला. स्वयंसेवकाच्या कामाबद्दल संस्थाप्रमुखाचा शेरा हवा होता. मी सही केली आणि शाळेतल्या सवयीने लिहिलं: 'प्रगती समाधानकारक.'