वकिलावाचून हरणाबाई

हे दीनदयाळा, बुवांना तू टाळ दिलास, शास्त्र्यांना पोथी दिलीस. आणि माळावरच्या एका निरक्षर बाईला जे दिलेस, ते पाहून आमची वाणी थिटी पडली! तुझ्या चरणी माथा ठेवून तिचे चरित्र सांगतो.

हरणाबाई खानापूर तालुक्याच्या दुष्काळी माळावरची धनगरीण. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, मेहुणा पलटणीत कामी आला, आणि त्यांची बनू पहिल्या दिवसापासून हरणाबाईच्या पदराखाली वाढली. पोर सहा वर्षांची झाल्यावर तिचा चुलता नानासो जागा झाला. पोरीला एका घरी द्यायचे आणि त्या घरची मुलगी आपल्या लेकाला करायची, असे साटेलोटे ठरवून त्याने ताब्यासाठी सातारच्या कोर्टात अर्ज केला. साल एकोणीसशे त्रेचाळीस.

गोरगरिबांना फुकट वकील देणारी एक मंडळी साताऱ्यात होती. तिच्या आशेने हरणाबाई तीन दिवस चालत आली. मंडळीच्या कचेरीत कारकून आप्पासो एकटाच बसला होता.

"मावशी, लढाईपायी मंडळीची मदत आटली. खुनाच्या आरोपीला वकील मिळतो. पोराबाळांच्या दाव्याला आता न्हाई."

"म्हंजे मानूस मारून आले असते तर मिळाला असता व्हय?"



कोर्टात नानासोचा वकील गरजला, "हिला घर नाही, दार नाही! मेंढरांमागे भटकणारी बाई पोर कुठे वाढवणार?"

"तुमच्या बाजूने कोण?" न्यायाधीशांनी विचारले.

"मीच हाय, सायेब."

तिने डोळे मिटले. शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतात, आणि धनगराचे साल त्या रानांवरून मोजले जाते. तिने तोंड उघडले, आणि सहा वर्षे धारेसारखी वाहू लागली.

"कडेगावात ज्ञानू आन्नाच्या रानात सात रोज बसलो, तितं बनूला दात आला. इस्लामपूरच्या अंगाला जोतीराम पाटलाच्या मळ्यात पयलं पाऊल टाकलं. फुडल्या साली तितंच गोवर आला. पाटलीनबाईनं दूध धाडलं..."

रान, धनी, मुक्कामाचे रोज, पोरीचे दुखणेखुपणे: एक दुवा निसटला नाही. लिहिता लिहिता न्यायाधीशांचा टाक थांबला. त्यांनी त्या शेतकऱ्यांना समन्स काढले.

पुढच्या तारखेला अकरा कुणबी शेते टाकून आले. प्रत्येकाने शब्द न् शब्द खरा केला. ज्ञानू तर नानासोला म्हणाला, "गड्या, पोरगी वळकू तरी येती का रं तुला?" न्यायाधीशांनी नानासोला गोवराचे साल विचारले. त्याने ते आपल्या वकिलाला विचारले.

बनू हरणाबाईकडेच राहील, असा निकाल झाला. त्याच सकाळी त्याच कोर्टात, वकील नसल्यामुळे, दुसऱ्या दोन विधवांची लेकरे मात्र त्यांच्या हातून गेली. हरणाबाईने बनूला खांद्यावर घेतले. त्या दोघींकडे पाहून तिला हसू फुटेना.

पांडुरंगा, ही माय शतायुषी होवो. बनू तिच्या छायेत शहाणीसुरती होवो. त्यांची मेंढरे वाढोत, जिथे चूल मांडतील तिथे गोड पाणी लागो. आणि त्या दोघी मायांची लेकरे, देवा, परत त्यांच्या कुशीत येवोत.