गुबगुबीत फॉन्ट

आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहत असताना एका शनिवारी नऊ माणसं आमचं स्वयंपाकघर खायला आली.

सगळा दोष माझ्या फॉन्टचा. त्या हिवाळ्यात मी मार्करने अक्षरं काढली, स्कॅन केली आणि एका फुकट सॉफ्टवेअरमधून त्यांचा फॉन्ट बनवला. टम्म फुगलेली, जरा कललेली, पंगतीतून उठून सोफ्यावर रेललेल्या काकांसारखी अक्षरं! नाव ठेवलं 'गुबगुबीत'. मग काय, मसाल्याच्या डब्यांवर गुबगुबीत, पत्रपेटीवर गुबगुबीत, टॅक्सच्या फाइलवरसुद्धा गुबगुबीत!

"अहो, आता माझ्या कपाळावर तेवढं छापायचं राहिलंय," बायको, मंजिरी, म्हणाली.

एप्रिलमध्ये घर बदलायचं ठरलं. जर्मनीत भाडेकरू जाताना ओटा, कपाटं, शेगडी, सगळं उचकटून नेतो. नव्या घरात हे सगळं आधीच होतं, म्हणून जुनं कुणाला तरी देऊन टाकायचं होतं. तेही सोमवारच्या आत! एक जरी कपाट दिसलं तरी किल्ल्या परत घेणार नाही, असं घरमालकांनी बजावलं होतं.

मी जिन्यात जर्मनमध्ये नोटीस लावली. अर्थात गुबगुबीतमध्ये! 'स्वयंपाकघरं फुकट! शनिवारी चार वाजता. आपापली हत्यारं आणावीत.' (वरची कपाटं वेगळी, खालची वेगळी, म्हणून मी आपलं अनेकवचन करून टाकलं.)

चारच्या ठोक्याला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्रूगर आजी. ठेवणीतला ब्लाउज, हातात बशी आणि काटा! मागे जिनाभर शेजारी. सगळ्यांच्या हातात बशा!

"हे काय, कपाटं काट्याने खोलणार?" मी मंजिरीच्या कानात पुटपुटलो.

आमची आठ वर्षांची ईरा धावत जाऊन नोटीस वाचून आली आणि जर्मनमध्येच किंचाळली, "पापा, दी पुंक्टे!"

टिंबं! जर्मनमध्ये स्वयंपाकघरं म्हणजे 'क्यूशन' आणि केक म्हणजे 'कूखन'. लिहिताना फरक एका अक्षराच्या डोक्यावरच्या दोन टिंबांचा. आणि टिंबवाली अक्षरं मी फॉन्टमध्ये काढलीच नव्हती! (कंटाळा. दुसरं काय?) आता केक खायची हत्यारं म्हटल्यावर लोक बशा-काटेच आणणार की!

"म्हणजे तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला केक खायला बोलावलंत?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो.

"गेनाऊ काय गेनाऊ! रवा काढा आधी!"

नशीब, शेगडी अजून खोलली नव्हती. मंजिरीने शिऱ्याला रवा भाजायला घेतला आणि मी फ्राऊ क्रूगरना खरं काय ते सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या, की हातातली बशी पडता पडता वाचली. मग त्यांनीच ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. (मला तोंड लपवायला एका कपाटाचं दार उपयोगी पडलं.)

शिरा बघता बघता संपला. बशी चाटूनपुसून झाल्यावर चौथ्या मजल्यावरचं नवं जोडपं चाचरत म्हणालं, "आल्झो... आम्हाला खरंच स्वयंपाकघर हवंय."

बाकीचे काटे ठेवून घरी गेले आणि पाने, ड्रिल घेऊन आले. सातच्या आत भिंती साफ!

जाताना फ्राऊ क्रूगर म्हणाल्या, "आमच्या चर्चमध्ये केकची विक्री असते. त्याच्या फलकासाठी ही अक्षरं द्याल? वाचूनच तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या!"

मी आनंदाने दिली. अकरा वर्षं ऑफिसात गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढतोय मी. ती बघून आजवर कुणीही बशी घेऊन धावत आलेलं नाही!