पाऊण टाकी

या देशात गाडी विकत मिळत नाही. दहा वर्षं गाडी ठेवायचा कागद विकत मिळतो, आणि तो घेतलात की त्याच्याखाली गाडी जोडून देतात. गावी धाकट्या भावाला हे मी फोनवर समजावून सांगितलं, की बाबा रे, इथं गाडीपेक्षा गाडीचा कागद महाग. तो म्हणाला, "दादा, तुला कुणीतरी फसवलंय." मी म्हटलं, एकट्याला नाही, सगळ्या सिंगापूरला फसवलंय, आणि सगळे रांग लावून फसतात. त्याला काही ते पटलं नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. वेल्डिंग शिकलो आणि त्या जोरावर तुआसच्या जहाजाच्या कारखान्यात आलो. पहिली सहा वर्षं हे बेट मी लॉरीच्या मागच्या फळीवर बसून पाहिलं. ऊन आलं की ऊन अंगावर, पाऊस आला की ताडपत्री डोक्यावर. शेजारून गाड्या जायच्या, काचा वर केलेल्या, आत माणसं गार हवेत बसलेली. एकही माणूस आमच्याकडे बघायचा नाही. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस आपणही काच वर करून जायचं. पुढं कंपनीची लॉरी चालवली, मग माणसं हाताखाली आली, आणि निवृत्तीचे पैसे हातात पडले त्या महिन्यात मी चंदेरी रंगाची एक साधी गाडी घेतली. मुलगा तेव्हा म्हणाला होता, बाबा, पैसे नीट गुंतवा. मी म्हटलं, गुंतवले की. चार चाकांत.

गाडीचा जाच काय असतो ते घेतल्यावर कळलं. घराखाली गाडी उभी करायचे दर महिन्याला पैसे. दुसऱ्याच्या घराखाली उभी केली तर वेगळे. सकाळी गावाच्या मध्यात शिरलं की रस्त्यावरची कमान पैसे कापते, तुम्ही आत जाऊन काही केलंत की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. विमेवाला दर वर्षी माझं वय विचारतो आणि ते ऐकून आकडा वाढवतो, जसं काही मी मुद्दाम म्हातारा होतोय. पासष्टीनंतर दर तीन वर्षांनी डॉक्टरसमोर उभं राहून, मला दिसतं, मला ऐकू येतं, हे सिद्ध करायचं. आणि आता काचेपाशी एक नवं यंत्र बसवलंय, टीव्हीसारखं. ते सारखं काहीतरी सांगत असतं. पुढं शाळा आहे, पुढं कॅमेरा आहे. अरे, मला माहीत आहे पुढं काय आहे. तू जन्मायच्या आधीपासून मी या रस्त्यानं जातोय.

मग एवढ्या जाचात गाडी ठेवायची कशाला, असं कुणीही विचारेल. मुलगा रोजच विचारायचा.

त्याचं उत्तर मी त्याला कधी दिलं नाही, इथं देतो. बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच माणसं. मुलगा पाया लेबारच्या ऑफिसात, पण आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करतो, तेव्हा हॉल त्याचा. सूनबाईच्या मीटिंगा तिच्या खोलीत. आमच्या खोलीत नातीचं अभ्यासाचं टेबल. सगळी माणसं चांगली आहेत, कुणी काही बोलत नाही. पण म्हातारा-म्हातारीनं भांडायचं कुठं? मोठ्यानं बोलायचं कुठं? संध्याकाळी बायको थर्मासमध्ये चहा भरायची आणि आम्ही खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसायचो. गाडी सुरूसुद्धा करायची नाही, चारी काचा खाली. तिथं ती माझ्याशी मनासारखं भांडायची. सुनेबद्दल जे बोलायचं ते बोलायची, माझ्या बहिणीबद्दल बोलायची, एकदा तासभर रडली आणि मग पदरानं पुढची काच पुसली. घरी आली की पुन्हा गोड.

आणि रविवारी जोहोर. समुद्रावरचा पूल ओलांडला की मलेशिया, तिथं पेट्रोल आपल्या अर्ध्या भावाच्या आसपास. सगळं सिंगापूर तिकडं टाकी भरायला जातं. पंपाची नळी टक करून थांबली की आमचं काम सुरू व्हायचं. मी गाडीच्या एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, दोघांनी मिळून गाडी हलवायची. डावीकडं, उजवीकडं. आतली हवा निघते आणि आणखी थोडं पेट्रोल मावतं. शेजारच्या पंपावर मोठ्या जर्मन गाडीचा सुटाबुटातला मालकही तेच करत असायचा. बायको हसून हसून दमायची. म्हणायची, "अहो, पाळण्यात पोर नाही आणि आपण झोके देतोय."

यंदा कागदाची दहा वर्षं संपत आली. कागद पुन्हा काढता येतो, पाच वर्षांचा किंवा दहाचा, पैसे मोजले की झालं. मी पाचाचा काढायचा ठरवला होता. जेवताना मुलानं विषय काढला.

"बाबा, आता पुरे. स्टेशन सात मिनिटांवर आहे."

"तुझं स्टेशन तुला लखलाभ."

"या वर्षात दोन दंड आलेत. एक बस लेनचा, एक दुसऱ्याच्या राखीव, तांबड्या रेघांच्या लॉटमध्ये गाडी लावल्याचा."

"त्या लेनमध्ये बस नव्हती."

"बस नसली तरी लेन बसचीच असते, बाबा. लक्ष राहत नाही आता तुमचं. कबूल करा ना."

हे मला झोंबलं. मी भाकरी ताटात ठेवली. म्हटलं, "ऐक. कागद संपायला दोन महिने आहेत. तेवढ्यात गाडीवर एक जरी दंड आला, तर मी स्वतः गाडी नेऊन देईन. नाही आला, तर पाच वर्षांचा कागद काढणार आणि तू तोंडातून ब्र काढायचा नाहीस."

"डील," मुलगा म्हणाला.

नात माझ्याकडं बघत म्हणाली, "आजोबा, यू श्योर ऑर नॉट?"

बायको तेव्हा भाकरी वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबरोबर दार आपटून म्हणाली, "शब्द द्यायच्या आधी मला विचारलंत?"

"गाडी माझ्या नावावर आहे."

"नाव तुमचं. बसतं कोण? तुमच्या नावाशी मी बोलते का इथं?"

मी म्हटलं, घाबरू नकोस, दंड येणार नाही. आणि सात आठवडे आला नाही. मी अशी गाडी चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवायचे. बस लेनच्या वेळा मी तोंडपाठ केल्या. ते काचेवरचं यंत्र जे सांगेल ते ऐकलं, यापेक्षा जास्त अपमान माणसानं काय सोसायचा.

शेवटच्या आठवड्यातला रविवार. आम्ही जोहोरला निघालो. आता इथला एक नियम सांगायला हवा. इथली गाडी पूल ओलांडते तेव्हा तिच्या टाकीत निदान पाऊण टाकी पेट्रोल असलंच पाहिजे. लोकांनी रिकामी टाकी नेऊन तिकडून भरून आणू नये, म्हणून. कमी असेल तर दंड आणि गाडी माघारी. त्यामुळं या देशातल्या प्रत्येक गाडीवाल्याला पाऊण टाकीची रेघ स्वतःच्या तळहातासारखी माहीत असते. सगळे तिच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जातात, कारण रेघेच्या वर इथल्या भावाचं पेट्रोल घालणं म्हणजे मूर्खपणा.

घरून निघताना काटा रेघेच्या वर होता. बायकोनंही पाहिला. म्हणाली, "दहा लिटर घालून घ्या. आठवडाच राहिलाय."

"कशाला? वर आहे ना."

"मग वूडलँड्सच्या पुलानं चला, जवळ पडतं."

"तुआसनं जाऊ. तो रस्ता माझा आहे."

खरंच माझा आहे. तिथं मी तीस वर्षं घाम गाळला. पण बिशानपासून तुआसचा पूल चांगलाच लांब, आणि त्या रविवारी कुठली तरी सुट्टी जोडून आलेली. पुलाच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली. दीड तास आम्ही एसी लावून मुंगीच्या पावलानं सरकत होतो. रांगेत शिरायच्या आधी एक पंप लागला. बायकोनं नुसतं बोट केलं. मी बघितलं नाही असं केलं. पुढं आणखी एक लागला. तिनं बोटही केलं नाही.

नाक्यावर एका तरुण शिपायानं काच खाली करायला सांगितली आणि डॅशबोर्डकडं वाकून पाहिलं.

"अंकल, बिलो थ्री क्वार्टर."

"नो, नो. ऑन द लाइन."

"बिलो, अंकल."

"यू सीइंग फ्रॉम दॅट साइड. कम धिस साइड."

तो बिचारा खरंच फेरी मारून बायकोच्या बाजूला आला, वाकला, नीट पाहिलं. "अंकल, धिस साइड ऑल्सो बिलो."

मागच्या गाड्या थांबल्या होत्या. बायको खिडकीबाहेर बघत होती. त्यानं मला दंडाचा कागद दिला आणि हातानं वळायची खूण केली. चाळीस वर्षांत मला या बेटावरून कुणी माघारी वळवलं नव्हतं. मी आजही सांगतो, काटा रेघेवर होता. थोडा खाली वाटत असेल तर रेघ जाड आहे म्हणून.

परत येताना तुआसजवळ एका जेवणाच्या सेंटरपाशी मी गाडी लावली. बायकोनं पिशवीतून थालीपीठ काढलं, अर्धं मला दिलं. मग ती म्हणाली, "हा दंड बाहेरच्या बाहेर भरून टाका. घरी काही सांगायचं नाही."

मी थालीपीठाचा तुकडा मोडला.

"कुणाला कळणार आहे? चार दिवसांत कागद निघेल, पाच वर्षं मिटलं."

"मी शब्द दिलाय."

"माझ्यासाठी एकदा खोटं बोला. इतक्या वर्षांत दागिना मागितला नाही, काही मागितलं नाही. हे एक खोटं मागते."

"मी खोटं बोलत नाही, तुला माहितीये."

"माहितीये. तुम्ही हट्ट करता. खोटं बोलणारा बरा, त्याच्याशी मिटवता तरी येतं."

तिनं उरलेलं थालीपीठ पुन्हा फडक्यात बांधलं. तिनं एवढं मागूनही घरी आल्यावर मी तो कागद मुलाच्या ताटाशेजारी ठेवला.

मुलानं वाचला. मला वाटलं आता हा जिंकल्यासारखं बोलेल, म्हणजे मलाही भांडता येईल. तो हसायला लागला. "बाबा, हा ड्रायव्हिंगचा दंड नाहीच. पेट्रोलचा आहे. हा धरायचा नाही. घ्या पाच वर्षं. आईलाही बरं वाटेल."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. दार उघडंच होतं, मी फक्त हो म्हणायचं होतं. पण मला माफ केलेलं सहन होत नाही. बापानं केलं नाही, फोरमननं केलं नाही, आता पोटच्या पोरानं करायचं? म्हटलं, "दंड तो दंड. मंगळवारी गाडी देऊन येतो."

बायको उठून आत गेली. त्या रात्री नातीच्या टेबलाचा दिवा विझेपर्यंत ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

मंगळवारी ती माझ्याबरोबर आली. मला वाटलं होतं येणार नाही. जुन्या गाड्या घेणाऱ्याच्या आवारात मी सह्या करत होतो तोवर ती तिच्या जागेवर बसून होती, पट्टा लावून. तिथला माणूस दोनदा म्हणाला, "आंटी, कॅन कम आउट ऑलरेडी." तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी जाऊन दार उघडलं. ती उतरली, पाठीमागची छोटी उशी काढून घेतली, छत्री घेतली, आणि माझ्यापुढं चालू लागली. एमआरटीच्या डब्यात एका मुलीनं उठून मला जागा दिली. मी घेतली नाही. बिशानपर्यंत उभा राहिलो, पाय सुजले. बायको त्या जागेवर बसली आणि तिनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

आता गाडी नाही, आणि जे व्हायचं ते झालंय. म्हणजे आता ती जेवणाच्या टेबलावर बोलते. सगळ्यांदेखत. माझी बहीण, माझा हट्ट, मी तिला न विचारता दिलेले शब्द, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनचे, क्रमानं. सूनबाईबद्दलही बोलते, सूनबाईच्या समोर. परवा सूनबाई पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिली. मुलगा म्हणाला, "आई, तू अशी कधी बोलत नव्हतीस." नात म्हणाली, "आजी, लिफ्टपर्यंत ऐकू जातंय लाह."

"जाऊ दे. मला बोलायला एक जागा होती. ती तुझ्या आजोबांनी दंडात भरली."

मुलानं माझ्याकडं बघितलं. त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं की आम्ही रोज संध्याकाळी खाली कशाला जात होतो. मी मान खाली घालून भात कालवत बसलो. उत्तरं मला सुचतात, अजून सुचतात. पण चार माणसांत बायकोला उलट बोलायचं मला कधीच जमलं नाही. ते मी गाडीत करायचो.