मी गोड करून सांगितलं

“ह्या बाईला कुणीतरी आधी माणसांची भाषा शिकवा.”

तालुक्याच्या सरपंचांच्या बैठकीत साहेब माइकवर म्हणाले. सगळा हॉल हसला. चहा वाटणारा शिपाईसुद्धा हसला. माझी अव्वा, म्हणजे आई, मधोमध उभी होती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. ती आमच्या गावची सरपंच. तिला मराठी येत नाही. तिनं माझ्याकडं बघून कानडीत विचारलं, “काय म्हणाले?”

मी म्हणाले, “बघतो म्हणाले.”

अव्वा साहेबांना हात जोडून खाली बसली. हसू आणखी वाढलं.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या अगदी कडेला. ओढा ओलांडला की कर्नाटक. घराघरांत कानडी. राज्याची रेघ ओढणाऱ्यांनी आमच्या आज्याला विचारलं नव्हतं. शाळा सरकारी, कानडी माध्यमाची. त्या वर्षी तिथं एकच गुरुजी आले, साताऱ्याकडचे, वडूजचे. माणूस भला. पण कानडीचं अक्षर येत नव्हतं. “मलाच कळत न्हाई ताई, पोरं काय म्हणत्यात. मी तरी काय करू?” असं मला म्हणाले. माझी भाची पहिलीत. तिनं लघवीला जाऊ का म्हणून दोनदा विचारलं. गुरुजींना वाटलं, धडा म्हणतेय. “शाब्बास,” म्हणाले. पोरगी बाकावरच ओली झाली. दुसऱ्या दिवसापासून शाळेचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करून बसायची.

त्यासाठीच अव्वा बैठकीला गेली होती. तिचं बोलणं सांगायला मी. कुपवाडच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. रजा टाकून गेले.

आणि ऐका. त्याच साहेबांनी सुरुवातीला भाषण केलं होतं. सीमेपलीकडच्या मराठी माणसांवर. तिकडं त्यांना मराठीत कागद मिळत नाही, पोरांना मराठी शिक्षक मिळत नाही, हा अन्याय आहे म्हणाले. मधेच त्यांनी रुमालानं डोळे पुसले. मी सगळं अव्वाच्या कानात सांगत होते. खोटं काहीच नव्हतं त्यात, मलाही पटलं. अव्वानं तर मनापासून टाळ्या वाजवल्या. “देवमाणूस आहे. ह्याला आपलं कळेल,” म्हणाली. म्हणून ती उठली. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव नव्हतं, तरी उठली.

शिक्षकाची मागणी ऐकून साहेबांनी ते वाक्य टाकलं. वर म्हणाले, “महाराष्ट्राचं पाणी प्यायचं आणि मास्तर कानडी मागायचा?” महाराष्ट्राचं पाणी आमच्याकडं टँकरनं येतं, तेही आलं तर. मी हे बोलले नाही. मी गोड करून सांगितलं.

ते मला लहानपणापासून जमतं. दवाखान्यात डॉक्टर खेकसला की मी सांगायची, विश्रांती घ्या म्हणतोय. बँकेत कुणी “अडाणी” म्हणालं की सांगायची, उद्या या म्हणतायत. वाटायचं, मी आईला जपते. कसलं जपणं! मला लाज वाटायची. तिची. कारखान्यात मी कानडी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा फोन आला की बाहेर गाड्या लावतात तिथं जाऊन मी हळू बोलायची.

अव्वानं गावाला सांगितलं, साहेब बघतो म्हणालेत, शिक्षक येईल. गाव थांबलं. पोरांना दुसरीकडं घालणार होते तेही थांबले. जून गेला. दिवाळी गेली. मग ग्रामसभेत एक जण उठला. त्याचा मेहुणा शेजारच्या गावचा सरपंच. मेहुण्यानं त्याला हॉलमधलं सगळं सांगितलं होतं.

“तिथं हसं करून घेतलंस आणि आम्हाला थापा मारल्यास?” तो कानडीत ओरडला. “आमच्या पोरांचं वर्ष घालवलंस!”

अव्वा माझ्याकडं बघत राहिली. तिला तेव्हाच सगळं कळलं. माझं नाव घेतलं असतं तर सुटली असती. ती म्हणाली, “माझं चुकलं.”

मी उठले. साहेब जे बोलले होते ते शब्दन्‌शब्द कानडीत सांगितलं. खोटं मी बोलले, दवाखान्यात, बँकेतही बोलत आले, हेही सांगितलं.

घरी अव्वानं मला ताट वाढलं. स्वतः जेवली नाही.

“त्यानं मला एकदा वेडी ठरवलं,” ती म्हणाली. “तू किती वर्षं ठरवत होतीस?”

मी ढसाढसा रडले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. आजही दवाखान्यात ती मला नेत नाही, शेजारणीला नेते. शेजारणीचं मराठी मोडकंतोडकं आहे.

पुढच्या बैठकीला मात्र तिनं मला सोबत घेतलं. एसटीत अट घातली. “माझ्यासाठी काही गाळायचं नाही. त्याच्यासाठीही नाही.”

साहेब तेच. अर्ज अव्वानं स्वतः लिहिलेला, कानडीत. चौथी शिकलेली, पण अक्षर सुरेख. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला.

“हे काय गिचमिड? मराठीत लिहून आणा. पोरगी शिकलेली दिसतेय, तिला सांगा.”

मी अव्वाला सांगितलं. गिचमिडसकट. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. साहेब गडबडले.

“अहो, शब्दाला शब्द सांगायची काय गरज?”

“गरज हाय, साहेब,” मी म्हणाले.

मग अव्वा बोलली. मी तेही तसंच मराठीत सांगितलं. “पलीकडच्या पोरांसाठी तुमी रडला, तवा मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला परत द्या.”

ह्या वेळी कुणी हसलं नाही. पण अर्जही कुणी घेतला नाही.

माझं मराठी चांगलं आहे. त्यांच्याच टेबलावर पाच मिनिटांत तो अर्ज मराठीत लिहून दिला असता. लिहिला नाही. लिहिणारही नाही. गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडता येतं, हे घटनेत लिहिलंय. लहान पोरांना त्यांच्या भाषेत शिकवायची सोय करा, हेही लिहिलंय. ओढ्याच्या पलीकडच्या मराठी पोरालाही तेच लागू, आणि त्याच्यासाठीही मी भांडेन.

शिक्षक आलेला नाही. भाची शेळ्यांमागं फिरते. अव्वाची सरपंचपदाची मुदत उन्हाळ्यात संपेल. माझी संपत नाही. सोमवारी मी तोच कानडी कागद घेऊन त्या टेबलापुढं जाणार आहे, आणि पोचेचा शिक्का बसल्याशिवाय तिथून हलणार नाही.