पंपावर उतरायची रीत

पेट्रोल भरायचं असलं की मागे बसलेल्या बायकोने आधी उतरायचं आणि चार पावलं पुढे जाऊन उभं राहायचं, ही आमच्याकडची एकवीस वर्षांची रीत. त्या दुपारी पंडरीच्या पंपावरही मी तशीच उभी राहिले. नवऱ्याने टाकी भरली, गाडी चालू केली आणि माझ्या समोरून निघून गेला. मी ओरडले, पण हेल्मेटमध्ये त्याला काय ऐकू जाणार! माझी पर्स, फोनसकट, हँडललाच लटकलेली. अर्धा तास उन्हात तापत राहिले.

परत आला तोही माझ्यावरच डाफरत. "गाडीवर काहून नाही बसली? भनपुरीला गाडीवरून उतरलो तेव्हा दिसलं, मागे कोणीच नाही!" मग म्हणाला, "रस्त्यात तुले आपल्या पोट्टीच्या स्थळाचं विचारलं. तू काही बोलली नाही. म्हणून उतरायच्या आधीच गाडी थांबवून पोराकडच्यायले फोन लावला, हव, पसंत आहे म्हणून सांगून टाकलं."

"अहो, मी इथं उभी होते!"

"मागे असती तरी काय बोलली असती?"

मी पदर खोचला आणि मुकाट्याने मागे बसले.