घरच्या बाईसाठी पुस्तक

“पण ते पुडकं कपाटात तुम्ही ठेवलं होतं, मी नाही,” सून म्हणाली. ऑफिसची पर्स तिनं अजून खांद्यावरून काढली नव्हती. “निळा कागद, लाल फीत. आत काय आहे ते मला काय स्वप्नात दिसणार होतं?”

“विचारायचं तरी.”

“दरवर्षी असतात की आई तसली पुडकी. तुम्ही देता, आम्ही ठेवतो. मला वाटलं, त्यातलंच एखादं.” बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं, आणि म्हणूनच आवाज आणखी चढला. “नाताळची भेट म्हणून ऑफिसातल्या एका मुलीला दिलं, तर सगळ्या ऑफिससमोर उघडलं हो तिनं. लग्नाला अजून धड दोन महिने नाहीत झाले त्या मुलीच्या. आणि आत काय, तर ‘जोडीदार गेलेल्यांसाठी रोजचं मनन’ नावाचं पुस्तक! कॅशियर म्हणाला, नवऱ्याला जपा बरं का मॅडम. माझं तोंड कुठं लपवू असं झालं मला.”

सोफ्यावर बसलेल्या मुलाला हसू आवरेना. त्यानं उशी तोंडापुढे धरली.

“तुला काय झालं दात काढायला?” सून नवऱ्यावर खेकसली.

“काही नाही. बिचारा तो नवरा घरी जाऊन विमा काढत असेल.” मग तो आईकडे वळला. “कुणाचं होतं गं ते पुस्तक?”

“गिऱ्हाइकाचं,” आई म्हणाली आणि गॅस बंद करायला आत गेली. गॅस केव्हाच बंद होता.

त्या पुडक्यांबद्दल सून जे बोलली ते खरं होतं. आईनं नंतर कपाटाचा खालचा कप्पा उघडून पाहिला. निळी पुडकी एकावर एक नीट रचलेली होती, फीतसुद्धा सुटलेली नव्हती. मुलाला दिलेलं, सुनेला दिलेलं, गेल्याच्या गेल्या नाताळचं. धूळ मात्र पुसलेली होती. सून स्वच्छतेची होती, तेवढं म्हणायला हवं.

चर्चच्या आवाराला लागून असलेलं पुस्तकांचं छोटं दुकान आई कित्येक वर्षं सांभाळत होती. मंडळीतली लहानथोर माणसं तिला पुस्तकवाल्या मावशी म्हणत. एरवी दुकानात माशा मारायची वेळ. डिसेंबर लागला की मात्र पाय ठेवायला जागा नसे. कुणाला काय द्यावं हे विचारायला लोक तिच्याकडेच येत. तिचा प्रश्न ठरलेला असे. “ते माणूस वाचतं की नुसतं चाळतं?” वाचणाऱ्याला ती जाड पुस्तक देई, चाळणाऱ्याला चित्रांचं, आणि पुस्तक बघूनच ज्याला जांभई येते त्याला रोज एक वचन असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. “सासूला मोठ्या अक्षरांचं गीतांचं पुस्तक न्या,” ती सांगे, “पण मोठ्या अक्षरांचं आहे असं बोलू नका, नाहीतर नाताळातच जुंपेल.” पाळकसाहेबांना पुस्तक द्यायचं म्हणून कुणी आलं, तर ती त्याला पेन घ्यायला लावी. पुस्तक त्यांना आधीच चौघांनी दिलेलं असे.

आणि दर डिसेंबरात, एखाद्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर, तिचा नवरा गिऱ्हाईक होऊन यायचा. टोपी काढायचा, घसा खाकरायचा. “घरच्या बाईला काय द्यावं?”

“वाचते की चाळते?”

“वाचते. पण मध्येच झोपते, आणि झोपले नव्हते म्हणून भांडते.”

तीही चेहरा सरळ ठेवून फळीवरून पुस्तक काढायची, निळ्या कागदात बांधायची, पैसे घेऊन पावती द्यायची. नाताळच्या सकाळी तेच पुडकं तो तिच्या हातात ठेवायचा आणि ती फीत सोडून म्हणायची, “अगंबाई, हेच मला हवं होतं. कसं कळलं तुम्हांला?” इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानंही हे नाटक मोडलं नाही.

मे महिन्यात तो गेला. यंदा संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर दुकानात कुणी आलं नाही. तिनं स्वतःच फळीवरून ते पुस्तक काढलं, गल्ल्यात पैसे टाकले, निळ्या कागदात बांधलं आणि घरी आणून कपाटात ठेवलं. आता हे कुणाला कसं सांगायचं? वेड लागलं म्हणाले असते.

तसंही घरात त्याचं नाव निघत नव्हतं. ती “हे असते तर” म्हणाली की मुलगा म्हणायचा, “आई, आता तो विषय नको, तुला त्रास होतो.” तिला त्रास होऊ नये म्हणूनच यंदाच्या नाताळला तिघांनी समुद्रकाठच्या हॉटेलात राहायचं, असं मुलानं आणि सुनेनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला वरचा मजला चालेल का, एवढंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण मुलगी दुकानात आली. हातात ते पुस्तक, सुटलेल्या निळ्या कागदासकट. कोण असेल ते सांगावं लागलं नाही.

“मावशी, इथलंच ना हे? बदलून मिळतं का?”

“मिळतं की,” आई म्हणाली. हात आपोआप पुढे गेला. त्या पुस्तकाची दुकानात दुसरी प्रत नव्हती आणि नव्या वर्षाशिवाय येणार नव्हती.

मुलीनं मात्र पुस्तक सोडलं नाही. “म्हणजे, बदलायलाच आले होते. पण बसमध्ये थोडं वाचलं. माझे वडील लग्नाच्या आधीच गेले. आई एकटीच असते. हे तिला दिलं तर तिला वाईट वाटेल का हो? सगळे म्हणतात, तिच्यासमोर आठवण काढू नका.”

एक शब्द पुरेसा होता. नको, तिला झेपायचं नाही, त्यापेक्षा हे घ्या. आणि कोपऱ्यातलं एखादं चित्रांचं पुस्तक पुढे सरकवायचं. गिऱ्हाइकानं तिचा सल्ला मोडल्याचं कधी झालं नव्हतं. आईनं कोपऱ्याकडे पाहिलंही.

“आई वाचते की चाळते?” तिनं विचारलं.

“वाचते. स्वयंपाक करताना पण ओट्यावर उघडं असतं. पानांना हळदीचे डाग.”

“मग द्या हेच. वाईट वाटेलच. ते तसंही वाटत असणार, तुम्ही आठवण काढा नाहीतर नका काढू.”

तिनं जुना कागद टाकून दिला, नवा घेतला, कोपरे नीट दुमडले, फीत बांधली. मुलगी आभार मानून गेली. मग पुढचं गिऱ्हाईक पुढे झालं. त्याला पाळकसाहेबांसाठी पुस्तक हवं होतं.

संध्याकाळी जेवताना सुनेनं विषय काढला. “ती आली होती का हो? मला म्हणाली, दुकानात जाऊन येते.”

“आली होती. पुस्तक तिच्या आईला देणार आहे. तिचे वडील गेलेत.”

“बघा,” सून मोकळी होऊन म्हणाली, “शेवटी वाया नाही गेलं. उगाच कालपासून जीव टांगणीला. आणि ज्यांचं होतं त्यांना काय सांगितलंत?”

“ज्यांचं होतं ती मीच.”

सुनेचा हात भातावरच थांबला. मुलानं आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. “दुसरं मागवू ना आपण,” तो म्हणाला. “आणि हे बघ आई, हॉटेलात गेलीस की मन रमेल तुझं. म्हणून तर—”

“मी हॉटेलात येणार नाही,” आई म्हणाली. तिनं मुलाच्या ताटात आमटी वाढली. “तुम्ही दोघं जा. नाताळला मी इथं घरी राहणार आहे.”